मल्टिप्लेट क्लच : कोणत्या गाडीला हवा, कोणत्या गाडीला नको

पंधरा-वीस वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या गॅरेजात क्लचचे काम म्हटले की जीप, टेम्पो, ट्रक आणि रिक्षा एवढीच वाहने डोळ्यांपुढे येत. आज चित्र बदलले आहे. आखातात चार पैसे मिळवून आलेला तरुण टर्बो इंजिनाची गाडी घेतो, मुंबई-पुण्याकडून तिच्या इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवून आणतो आणि महिना-दोन महिन्यांत आपल्या उस्तादाच्या दारात उभा राहतो. ‘उस्ताद, आंबा घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन नुसते ओरडते, गाडी काही उचलत नाही. मल्टिप्लेट क्लच टाकून द्या. दुबईत सगळे तोच वापरतात.’

अशा वेळी उस्तादाची परीक्षा असते. ‘हो’ म्हणावे तर हा महाग माल परदेशातून मागवावा लागतो. चुकीचा निघाला तर परत जात नाही आणि गिऱ्हाईकही तुटते. ‘नाही’ म्हणावे तर ‘याला नवे काम येत नाही’ असा बोभाटा होतो. घाटात क्लचने ऐन वेळी दगा दिला, तर प्रश्न पैशांपुरताही राहत नाही. म्हणूनच मल्टिप्लेट क्लच म्हणजे काय, त्याची निवड कोणत्या हिशेबाने करावी आणि कोणत्या गिऱ्हाइकाला प्रेमाने परत पाठवावे, याचा विचार आमच्या कारागीर आणि स्पेअर पार्ट विकणाऱ्या बंधूंनी एकदा नीट करून ठेवणे फायद्याचे आहे.

हा पाहुणा नवा नाही

मल्टिप्लेट हे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. ज्या कारागिराने बजाजची रिक्षा किंवा जुनी चेतक स्कूटर उघडली आहे, त्याने मल्टिप्लेट क्लच हातात घेतलेला आहे. चेतकच्या क्लचमधील कॉर्क लावलेल्या प्लेटा आणि त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटा जुन्या कारागिरांना आठवत असतील. बुलेट असो की आजची कोणतीही गिअरची मोटारसायकल, तिच्यात एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी प्लेट अशी चळतच असते. मोटारसायकलला मोठी थाळीएवढी प्लेट बसवायला जागा नसते, म्हणून लहान लहान प्लेटा एकावर एक रचतात. सगळे मर्म या एका वाक्यात आहे.

मिरकरवाडा बंदरातल्या यांत्रिक नौकांकडे पाहा. मध्यम आणि मोठ्या इंजिनांच्या मरीन गिअरबॉक्समध्ये पुढे आणि मागे जाण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे मल्टिप्लेट क्लच असतात. तांडेल दांडा पुढे ढकलतो तेव्हा तेलाचा दाब पिस्टनवर येतो, पिस्टन प्लेटांची चळत आवळतो आणि पंखा फिरू लागतो. दाब कमी पडला की प्लेटा घसरतात आणि जळतात. कूलर फुटून खारे पाणी आत शिरले की तेल दुधाळ होते आणि थोड्याच दिवसांत पूर्ण चळत बदलावी लागते. हे काम करणारे हात आपल्याच वाड्यांतले आहेत. फरक इतकाच, की होडी आणि मोटारसायकल यांचा क्लच तेलात बुडालेला, म्हणजे ओला असतो. ताकदीच्या मोटारीला वेगळा बसवतात तो बहुधा कोरडा असतो.

पकड येते कुठून?

क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते. घासणारी तोंडे किती, प्लेटच्या मालाची पकड किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि प्लेटची त्रिज्या किती. या चारांचा गुणाकार केला की क्लच किती टॉर्क, म्हणजे इंजिनाचा किती पीळ, न घसरता पुढे पाठवू शकेल ते कळते. गणित शाळेतल्या पाचवी-सहावीचे आहे, पण ते न केल्यामुळे लोकांचे पैसे जातात.

समजा, प्लेटचा बाहेरचा व्यास २४० मिलिमीटर आणि आतला १६० मिलिमीटर आहे. म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर, अर्थात ०.१ मीटर. प्रेशर प्लेटचा दाब ६००० न्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलोचा. साध्या ऑर्गॅनिक फेसिंगची पकड ०.३ धरू. एका प्लेटला पुढे एक आणि मागे एक अशी दोन तोंडे. गुणाकार : २ × ०.३ × ६००० × ०.१ = ३६० न्यूटन-मीटर. आता त्याच मापाच्या दोन प्लेटा आणि मध्ये एक पोलादी प्लेट ठेवली तर तोंडे चार झाली. दाब तोच, माल तोच, तरी पकड ७२० न्यूटन-मीटर. तीन प्लेटांना सहा तोंडे म्हणजे १०८०.

मल्टिप्लेटची करामत ती हीच. दाब न वाढवता पकड वाढते. एकाच प्लेटवर ७२० न्यूटन-मीटर पेलायचे ठरवले, तर दाब १२,००० न्यूटन करावा लागेल. मग पेडल दुप्पट जड होते, क्लच वायर तुटते किंवा मास्टर सिलिंडरची सीले जातात. प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँकशाफ्टही पुढे ढकलला जातो आणि त्याचे थ्रस्ट वॉशर झिजतात. पाय दुखला तर माणूस बोलून दाखवतो, थ्रस्ट वॉशर मात्र शेवटपर्यंत गप्प असतो.

दुसरा फायदा वजनाचा. शर्यतीच्या गाड्यांत १८४, १४० आणि ११५ मिलिमीटर व्यासाचे क्लच सर्रास वापरतात. जाडी सारखी असेल तर चकतीची फिरण्यातली जडता व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. २४०ची चकती १८४ची केली तर जडता जवळपास एक तृतीयांशावर येते. तशा दोन बसवल्या तरी मूळ एका चकतीपेक्षा कमीच भरते. त्यामुळे इंजिनाचे फेरे पटकन चढतात, पटकन उतरतात आणि गिअर लवकर पडतो. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २००३ साली बाजारात आणलेल्या करेरा जीटी या ६१२ अश्वशक्तीच्या गाडीत सिरॅमिक मिश्रणाचा दोन प्लेटांचा, फक्त १६९ मिलिमीटर व्यासाचा क्लच होता. फॉर्म्युला वन गाड्यांचे कार्बनचे क्लच तर शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तळहातावर मावतील एवढे असतात.

मग सगळेच का बसवत नाहीत?

कारण प्रत्येक फायद्याची किंमत असते. करेरा जीटी ज्यांनी चालवली त्यांची पहिली तक्रार हीच, की गाडी जागेवरून काढताना इंजिन बंद पडते. इतका हलका क्लच आणि फ्लायव्हील असल्यावर हाफ क्लचची जागा केसभर राहते.

दुसरी अडचण सुटण्याची. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट साधारण दोन मिलिमीटर मागे सरकते असे धरा. एका प्लेटला दोन तोंडे, म्हणजे दर तोंडाला एक मिलिमीटर मोकळीक मिळते. दोन प्लेटांत तेच अंतर चार ठिकाणी वाटले जाते, म्हणजे प्रत्येकी अर्धा मिलिमीटर. मधली प्लेट थोडी वाकली, स्प्लाइनवर गंज आला किंवा पेडलची चाल कमी पडली, की क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर करकरतो, रिव्हर्स पडत नाही. कारागिराला वाटते गिअरबॉक्स बिघडला, आणि तो निष्कारण उघडला जातो.

तिसरी अडचण आवाजाची. क्लच सोडलेला असताना मधली प्लेट खाचांत मोकळी हलते आणि डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड होते. हा दोष नसून या क्लचचा स्वभाव आहे. पट्ट्यांनी जोडलेली मधली प्लेट असेल तर आवाज कमी, खाचेत बसणारी असेल तर जास्त. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले नाही तर आठवड्याने तो भांडायला येणार हे नक्की.

चौथी आणि आपल्या भागात सर्वांत मोठी अडचण उष्णतेची. दीड टन वजनाची गाडी शून्यापासून ताशी १८ किलोमीटरपर्यंत नेताना तिला सुमारे १९ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. इंजिनाचे फेरे कायम ठेवून क्लच हळूहळू सोडला तर साधारण तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन क्लचमध्ये उतरते. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांतून एकदा हे झाले तर काही बिघडत नाही. पण गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागली, चढ आहे आणि गाडी दर वीस पावलांवर थांबते, तर एका तासात अशा पन्नास-साठ सुरुवाती होतात. चढाला उष्णता आणखी जास्त. मोठ्या जड फ्लायव्हीलला ती पोटात घेता येते. शर्यतीच्या लहान, हलक्या क्लचला तेवढे पोटच नसते. तो तापतो, पोलादी प्लेट निळी पडते, वाकते, आणि पुढे सुटतही नाही व धरतही नाही. शर्यतीत एकदा जोरात सुटले की क्लचचे मुख्य काम झाले. आपल्याकडे कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा असे घाट चारी बाजूंना आहेत.

आता ‘दुबईत सगळे तोच वापरतात’ या वाक्याकडे वळू. शारजाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजांत कोकणातली मुले काम करून आली आहेत, त्यांना विचारा. तिथे वाळूच्या टेकड्यांवर चढवण्यासाठी निसान पेट्रोलची ४.८ लिटरची सहा सिलिंडरी इंजिने टर्बो बसवून अनेक पटींनी ताकदवान करतात. त्या गाडीला मल्टिप्लेट हवाच. पण तशी गाडी हौसेची असते. ती रोज मुलांना शाळेत सोडत नाही की बाजारात भाजी आणायला जात नाही. गाडी कोणती आणि तिचे काम कोणते हे न पाहता नुसते क्लचचे नाव उचलून आणले, तर पदरी नुकसानच येते.

प्लेटचा माल

प्लेटा किती यापेक्षा त्या कशाच्या, हा प्रश्न कधी कधी अधिक महत्त्वाचा ठरतो.

ऑर्गॅनिक : आपल्या नेहमीच्या गाड्यांचे फेसिंग. तंतू, राळ आणि थोडी तार यांचे मिश्रण. पकड मऊ, हाफ क्लच सोपा. फार तापले तर पकड ढिली होते आणि जळका वास येतो. दोन ऑर्गॅनिक प्लेटांचा जोड हा रस्त्यावरच्या ताकदवान गाडीसाठी सर्वांत समजूतदार पर्याय आहे.

केव्हलारसारखे अरामिड तंतू : झीज कमी, पकड गुळगुळीत. मात्र नवी प्लेट रुळवायला सबुरी लागते आणि एकदा जास्त तापून चकचकीत झाली की पहिली पकड सहसा परत येत नाही.

सिरॅमिक किंवा सिंटर्ड बटण : ट्रॅक्टर आणि अवजड ट्रकमध्ये आपण ज्याला बटण प्लेट म्हणतो तीच जात. उष्णता भरपूर सोसते, पकडही चांगली. पण ती एकदम धरते. गाडी निघताना थरथरते आणि हादरा गिअरबॉक्सपर्यंत जातो. फ्लायव्हीलही लवकर झिजते. रोजच्या गाडीला ही प्लेट घालणे म्हणजे पाहुण्याला बसायला दगड देण्यासारखे आहे.

कार्बन : हलका, प्रचंड उष्णता सोसणारा आणि तितकाच महाग. थंड असताना आणि तापल्यावर त्याची पकड वेगवेगळी असते. तो शर्यतीच्या तळावर शोभतो, आपल्या बाजारपेठेत त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

प्लेटच्या मधल्या भागाकडेही पाहावे. स्प्रिंग असलेला हब हादरे गिळतो. स्प्रिंग नसलेला ठोकळेबाज हब हलका असतो, पण हादरे सरळ पुढे पाठवतो. रस्त्याच्या गाडीला स्प्रिंगचा हब घ्यावा. डिझेल आणि टर्बो गाड्यांना मूळ जाड, दोन भागांचे फ्लायव्हील असते. त्याच्या जागी एकसंध फ्लायव्हील येणार असेल, तर हबमध्ये स्प्रिंग असणे फारच गरजेचे आहे.

गिऱ्हाइकाला विचारायचे पाच प्रश्न

माल मागवण्यापूर्वी वहीत पाच उत्तरे लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न : खरोखर क्लचच घसरतो आहे का? मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी ५० किलोमीटर वेगाने चालताना एकदम पूर्ण रेस द्यावी. फेरे उडी मारून वर गेले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतो. पण घसरण्याचे कारणही शोधावे. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल आले आहे का? पेडलला मोकळी चाल आहे का? मास्टर सिलिंडरमधून तेल परत जाण्याचे बारीक भोक बंद तर नाही? मालक पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवतो का? यांपैकी एकही दोष असेल, तर तीन प्लेटांचा क्लचही घसरणार.

दुसरा प्रश्न : गाडीचा आजचा टॉर्क किती? अश्वशक्तीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण क्लचला टॉर्कशी देणेघेणे असते. ट्यूनिंग करणाऱ्याकडून डायनोचा कागद मागावा. कागद नसेल तर ‘पाचशेच्या वर गेली’ या बोलण्यावर माल मागवू नये.

तिसरा प्रश्न : गाडीचे काम काय? रोजची ये-जा, घाट, गर्दी. की लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या तशा ड्रॅग शर्यती?

चौथा प्रश्न : गाडी कोण कोण चालवते? घरात भाऊ, वडील, बहीण चालवणार असतील तर जड आणि टोकेरी क्लच नको.

पाचवा प्रश्न : क्लचच्या पुढचा गिअरबॉक्स आणि अॅक्सल किती सोसेल? घसरणारा क्लच कधी कधी फ्यूजचे काम करत असतो. तो पक्का केला की पुढचा अशक्त भाग तुटतो, आणि तो क्लचपेक्षा महाग असतो.

आता हिशेब. रस्त्याच्या गाडीसाठी क्लचची पकड इंजिनाच्या टॉर्कच्या सव्वा ते दीडपट असावी. समजा, मूळ टॉर्क २५० होता, तो वाढवून ३२० केला आहे. १.३ने गुणले तर ४१६ न्यूटन-मीटर पकड हवी. वरच्या उदाहरणातला मूळ क्लच ३६० देतो, म्हणजे तो नवा असेपर्यंत जेमतेम पेलेल आणि झिजला की घसरेल. पण प्रेशर प्लेटचा दाब वीस टक्क्यांनी वाढवला की तोच क्लच ४३२ देतो. काम झाले. या गिऱ्हाइकाला मल्टिप्लेट नको. चांगल्या कंपनीची मजबूत सिंगल प्लेट पुरे. आपल्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे या जातीची असतात.

दुसरे उदाहरण. मोठ्या इंजिनाची गाडी, टॉर्क ६००. तिला ७८० हवेत. एका प्लेटवर ते करायचे तर १३,००० न्यूटन दाब लागेल, ज्याला पायही दाद देणार नाही. दोन ऑर्गॅनिक प्लेटा आणि ६५०० न्यूटन दाब यांत बरोबर ७८० मिळतात. इथे मल्टिप्लेट हे चैनीचे काम नाही, योग्य उत्तर आहे. तीन प्लेटा, लहान व्यास, कार्बन वगैरे प्रकार फक्त शर्यतीसाठी.

आणि गाडी ड्युअल क्लचची स्वयंचलित असेल, तर हा विषयच निराळा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या कोरड्या ड्युअल क्लचची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, तर सहा गिअरच्या ओल्या मल्टिप्लेट ड्युअल क्लचची ३५०. २०१७ साली भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस गाडीचा टॉर्कच ३५० होता, आणि तिला तोच सहा गिअरचा डबा होता. अशा गाडीची ताकद वाढवणे म्हणजे काठापर्यंत भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणे. त्यासाठी खास हत्यारे आणि संगणक लागतो. ते नसतील तर काम न घेणेच शहाणपणाचे.

बसवताना घ्यायची काळजी

क्लचचे यश अर्धे निवडीत आणि अर्धे बसवण्यात असते. फ्लायव्हीलचा चेहरा सपाट हवा. निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर लेथवर किंवा ग्राइंडरवर घासून घ्यावा. चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे, कारण वेगाने फिरताना ते फुटले तर डबा फोडून माणसापर्यंत येते. नवे फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करून घ्यावेत. आपल्याकडे सोय नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपची कमतरता नाही. एक दिवस गेला तरी चालेल.

प्लेटांची पुढची-मागची बाजू, मधल्या प्लेटवरची खूण आणि क्रम कंपनीच्या कागदाप्रमाणेच ठेवावा. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पुसट लावावे. जास्त लावले तर फिरताना उडून प्लेटवर जाते. बोल्ट चौकडीने, थोडे थोडे करून आवळावेत आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच द्यावा. रिलीज बेअरिंग आणि डायफ्रामची बोटे यांच्यातले अंतर मोजावे. पेडल गरजेपेक्षा जास्त आत गेले तर डायफ्राम स्प्रिंग मोडते, म्हणून पेडलला अडथळा लावून चाल ठरवावी. क्लच सुटतो की नाही हे डबा चढवण्याआधी तपासता आले तर उत्तम.

त्यानंतर रुळवणे. ऑर्गॅनिक प्लेट पहिले पाचशे ते आठशे किलोमीटर शहरात, हलक्या पायाने चालवावी. पहिल्याच दिवशी मित्रांसमोर धूर काढून दाखवला तर प्लेटचा चेहरा चकचकीत होतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो. ही सूचना बिलावर लिहून द्यावी.

आपल्या हवेचाही विचार हवा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पावसाळाभर गाडी बंद उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. मल्टिप्लेटमध्ये चिकटण्याची तोंडे दुप्पट. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या महापुरात बुडालेल्या गाड्यांनी हा धडा साऱ्या जिल्ह्याला दिला. आखातात असलेल्या मालकाची गाडी घरी उभी असेल, तर आठवड्यातून एकदा कोणीतरी ती चालू करून क्लच दाबून थोडी फिरवावी.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक शब्द. तिथला क्लच इंजिनाच्या तेलातच असतो. मोटारीचे घर्षण कमी करणारे तेल स्वस्त मिळाले म्हणून ओतले तर क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

जीव, कायदा आणि बिल

जुन्या फेसिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असे, आणि बिननावाच्या स्वस्त मालाचा आजही भरवसा नाही. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. म्हणून क्लचचा डबा उघडल्यावर हवेच्या पाइपाने फुंकर मारण्याची सवय सोडावी. ओल्या फडक्याने पुसावे, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा आणि हाताखालच्या मुलांनाही लावायला सांगावे. ती मुले आपल्या भरवशावर कामाला ठेवलेली असतात.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९च्या निकालात हे बजावले आहे. झिजलेला क्लच बदलणे ही दुरुस्ती आहे. पण इंजिन बदलून किंवा ताकद वाढवून घेतलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी प्रश्न विचारणार. हे मालकाला आधीच सांगावे.

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मल्टिप्लेट दुकानात भरून ठेवण्याचा माल नाही. आगाऊ रक्कम घेऊन, गाडीचे मॉडेल, स्प्लाइनचे दात आणि फ्लायव्हीलचे माप लेखी घेऊनच मागवावा. नकली माल ओळखण्यासाठी पेटीवरची खूण, प्लेटवरचा क्रमांक आणि रिव्हेटांची सफाई पाहावी, आणि पक्क्या बिलाशिवाय माल उचलू नये. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्याचा लाभ गिऱ्हाइकाला द्यावा आणि बिलात तो दिसावा.

विजेच्या गाड्यांना पेडलचा क्लच नसतो, आणि स्वयंचलित गाड्या वाढत आहेत. क्लचचे साधे काम पुढे कमी होत जाणार हे उघड आहे. जे उरेल ते मोजमापाचे आणि हिशेबाचे काम असेल. होड्यांचे गिअरबॉक्स, अवजड वाहने आणि अशा हौशी गाड्या या त्यात येतात. नुसत्या हाताच्या सवयीवर ते निभणार नाही. आपल्या हुन्नराला वही, टॉर्क पाना आणि चार आकड्यांच्या गुणाकाराची जोड द्यावी लागेल. आय.टी.आय. शिकलेला मुलगा आणि जुना उस्ताद एका टेबलावर बसले तर हे सहज जमते.

गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ज्याला सिंगल प्लेट पुरेल त्याला तेच सांगावे, भले त्या दिवशी कमाई कमी होईल. पुढच्या वर्षी तोच माणूस आपल्या तीन मित्रांना घेऊन येतो, हा आपल्या बाजारपेठेचा जुना अनुभव आहे. आणि ज्याला खरोखर मल्टिप्लेट लागतो, त्याला तो हिशेब करून, मापात आणि आधी सगळे सांगून बसवून द्यावा. मग आंबा घाटात गाडी ओरडणार नाही आणि गॅरेजात मालकही ओरडणार नाही.